वळणाच्या अलीकडे

निगोरीसावा, ३ सप्टेंबर १९७६

इसाओदादा,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याबद्दल चार गोड ओळी लिहायची आपली रीत आहे. त्या मी या वेळी लिहीत नाही. त्या वाचून तू पत्र तिथेच मिटशील.

कामादाके डोंगर जागा होतोय आणि बाबा अजून वरच्या निवाऱ्यात आहेत. सांगायचं ते एवढंच आहे.

फोन करून पाहिला. तुझी घरमालकीण म्हणते, ते बंदरावर गेलेत. सकाळी केला तरी बंदरावर, जेवायच्या वेळी केला तरी बंदरावर. एवढं काम तू खरंच करत असशील तर शिमोनोसेकीच्या समुद्रात आता मासा उरला नसेल. म्हणून पत्र लिहितेय. पत्र न वाचता फाडायची तुझी छाती नाही, हे मला ठाऊक आहे.

पितरांचा सण झाला आणि निवाऱ्यामागच्या झऱ्याचं पाणी ताकासारखं पांढुरकं व्हायला लागलं. आता ते कोमट येतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, बरं झालं, आंघोळीला लाकडं फोडायला नकोत. मागच्या आठवड्यात मी सेंदाईच्या दोन शिक्षिकांना आणि एका फोटोवाल्याला जीपमधून वर नेलं. त्यांना विवरातलं हिरवं तळं बघायचं होतं. हिरवं कसलं, राखुंडी कालवल्यासारखं झालंय, आणि मधोमध बुडबुडे. खाली उतरेपर्यंत त्यातल्या एकीच्या गळ्यातली चांदीची साखळी काळी पडली होती. ती बिचारी रडकुंडीला आली. मी म्हटलं, बाई, साखळी काळी झाली यातच समाधान मान.

रस्ता तू सोडून गेलास त्याहून वाईट आहे. लाकूडतोड बंद झाल्यापासून जंगलखातं तिकडे फिरकत नाही. बुटक्या बांबूची जाळी दोन्ही बाजूंनी इतकी आत आलीये की गाडीच्या दोन्ही कुशी खरवडून निघतात. दुसऱ्या ओढ्यावरचे ओंडके पावसात वाहून गेले. मी फळ्या टाकते, पाहुण्यांना उतरवते आणि रिकामी गाडी पलीकडे काढते. त्या वळणावर तर मी कोणालाच गाडीत बसू देत नाही. पाहुणे कुरकुरतात, इथे असं काय आहे म्हणून विचारतात. मी सांगते, इथून देखावा छान दिसतो.

बाबांना मी सांगून पाहिलं. म्हणाले, हंगाम संपून डोंगर मिटायचा दिवस ऑक्टोबरात आहे. जूनमध्ये ज्याने देवासमोर डोंगर उघडला आणि चूल पेटवली, त्यानेच ती विझवून उतरायचं. पलीकडच्या जिल्ह्यातून मागच्या वाटेने कोणी चढून आलं तर त्याला चहा कोण देणार, आणि परत फिर म्हणून कोण सांगणार? मी म्हटलं, चूल मी विझवते, मागच्या वाटेवर पाटी मी लावते, तुम्ही उतरा. तर म्हणाले, "तू लग्न करून दिलेली मुलगी. घरचं माणूस आलं तर बघू."

तू गेल्यापासून गाडी मी चालवते, तांदूळ मी पोचवते, छपराचे पत्रे मी ठोकते. नवऱ्याचं घर सोडून आले त्यालाही आता जमाना झाला. मी विचारलं, मग मी कोण, भाडेकरू? त्यावर त्यांनी मला मुळ्याचं लोणचं वाढलं.

घरचं माणूस म्हणजे कोण, ते तुला कळलं असेलच. ये आणि त्यांना उतरव.

मित्सुए

१२ सप्टेंबर

इसाओदादा,

तुझं कार्ड मिळालं. पुलाचं चित्र सुरेख आहे. मागच्या अडीच ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या, कारण वाचायला दुसरं काही नव्हतं. "बाबांना उतरायला सांग. मी सांगून उपयोग नाही, का ते तुला माहीत आहे."

हो, माहीत आहे. हे उगाळायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तूच काढलंस.

आपल्या गाडीतले नागाईसान त्या वळणावर दरीत पडून वारले तेव्हा गाडी तू चालवत होतास. कड ढासळली. रात्रभराच्या पावसाने ती आतून पोखरली होती, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. तुझी काही चूक नव्हती. मग बाबा तुला घेऊन नागाईंच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोसमोर जमिनीला कपाळ टेकून म्हणाले, "माझ्या घरच्यांच्या हयगयीमुळे हे झालं." हात गळ्यात बांधलेला तू मागे उभा होतास. घरी येऊन तू ताटावर बसला नाहीस आणि आठवड्याभरात निघून गेलास. बापाने मला चारचौघांत खुनी ठरवलं म्हणालास. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तुझ्या दृष्टीने तो आणखी पुरावा झाला.

दादा, तू या गावचाच ना? आपल्याकडे माणूस गेल्यावर चूक कोणाची हे आधी बघत नाहीत. ज्याच्या गाडीत गेला तो आधी वाकतो. आपल्या कुत्र्याने कुदोसानांची कोंबडी मारली तेव्हा तू स्वतः त्यांच्या अंगणात कमरेत वाकला होतास, आणि ती कोंबडी कोल्ह्याने नेली होती हे तुलाही माहीत होतं. मग बापाचं वाकणंच तेवढं खरं का धरलंस? आणि तुझ्याशी बोलायचं सोडून बाबा त्या पावसात पुन्हा वर का गेले, हेही मला अजून कळलेलं नाही. दोघांच्याही तोंडाला कुलूप, आणि किल्ली शोधत मी फिरायचं. मला याचा मनापासून कंटाळा आलाय.

आता इथलं ऐक. विद्यापीठाची दोन माणसं आली होती. पेटीत जपून ठेवलेलं एक यंत्र घेऊन. मी त्यांना वर नेलं. फळ्यांवरून गाडी काढत होते तेवढ्यात जमीन हलली. फळी चाकाखालून सरकल्याचं मला बुडाखाली कळलं. मागे जाता येईना, पुढेही. पाण्याला वाफ येत होती. ती दोघं काठावर उभी राहून मला दोन वेगवेगळ्या गोष्टी ओरडून सांगत होती. शेवटी डोळे मिटून पाय दाबला आणि पलीकडे आले. मग स्टिअरिंगवरून हात सुटेनात, त्यातल्या एकाने एकेक बोट सोडवलं.

वर त्यांनी यंत्र पुरलं, कागदावरच्या रेघा पाहिल्या आणि बाबांना नम्रपणे सांगितलं की इथे राहू नका. बाबांनी त्यांना चहा दिला, दोघांच्या आया कशा आहेत ते विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, स्फोट उद्याही होईल, दहा वर्षांनीही होईल, पण खूण चांगली नाही. बाबा म्हणाले, "माझ्या वयाचंही तसंच आहे."

रोज संध्याकाळी ते बिनतारी यंत्रावरून गावच्या कचेरीला खबर देतात. तुला आठवत असेल, शब्द ठरलेले आहेत. "विशेष काही नाही." परवा धक्क्याने फळीवरच्या सगळ्या कपबशा फुटल्या. त्या संध्याकाळीही विशेष काही नव्हतं. मला ते यंत्र उचलून आपटावंसं वाटलं.

कार्ड पाठवू नकोस. स्वतः ये.

मित्सुए

२० सप्टेंबर, जलद टपालाने

इसाओदादा,

फाटक बंद झालं. पाहुण्यांना आता वर सोडत नाहीत. किल्ली कुदोसानांकडे आहे, आणि कचेरीचं काम लागल्यापासून ते टोपी घालून झोपतात की काय अशी शंका येते. मला तेवढं शिधा पोचवायला सोडतात, तेही हेल्मेट घालून.

वर विवराच्या काठचं गवत पिवळं पडलंय. रस्त्यात दोन कावळे मरून पडले होते, अंगावर जखम नाही. पश्चिमेचा वारा असला की वास निवाऱ्यापर्यंत येतो, तेव्हा बाबा ओला पंचा तोंडाला बांधून सरपण रचत बसतात. परवा मी गेले तेव्हा रजया छपरावर वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यावर राखेचा हलका थर बसला होता. बाबा त्या झटकत होते आणि पुन्हा तिथेच घालत होते. मला भीती वाटली दादा. डोंगराची नंतर वाटली, आधी त्यांचीच.

अग्निशामक दलाची मुलं त्यांना उचलून आणायला निघाली होती. सगळी त्यांच्याच हातचं खाऊन मोठी झालेली, दारातून आत जायला धजेनात. मग कुदोसान स्वतः गेले, दटावून आणतो म्हणून. येताना पाय लटपटत होते, बाबांनी पाजून पाठवलं. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "हे बघ मित्सुए, तुझे बाबा इसाओ आला तरच उतरतील. बाकी पंतप्रधान जरी आले तरी त्यांना चहा पाजून परत धाडतील."

गंमत वाटते ना? मला वाटत नाही. डोंगराने घाई केली तर तिथून पळायला वाट एकच, आणि ती कशी आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

त्या वळणाच्या पुढे पाऊल टाकणार नाही, अशी तू शपथ घेतली होतीस. नको टाकूस. फाटक वळणाच्या अलीकडे आहे. तू नुसता फाटकापाशी उभा राहा. बोलूही नकोस हवं तर. तू आलायस एवढं मी वर जाऊन सांगेन, बाकी माझ्यावर सोड.

मी कधी तुझ्याकडे काही मागितलंय? लग्नात नाही, लग्न मोडल्यावरही नाही. हे एकच मागते.

मित्सुए

२५ सप्टेंबर

इसाओ,

"शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतो." तुझीच तार ना ही? की शिमोनोसेकीत आणखी कोणी इसाओ आहे?

तार आली त्या संध्याकाळी मी कचेरीत जाऊन बाबांना यंत्रावरून सांगितलं. त्यांनी दोनदा यंत्राचं बटण दाबून सोडल्याची खरखर ऐकू आली. मग विचारलं, "कोणत्या गाडीने?" मी सांगितलं. मग विचारलं, "जेवायला काय करणार आहेस?" कुदोसान शेजारी होते, त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

भाताचे भाजलेले गोळे घालून कोंबडीचा रस्सा केला. मशरूम मी स्वतः गोळा केले. तुझी जुनी गादी उन्हात टाकली. दुपारच्या गाडीला उभी राहिले. तीत तू नव्हतास. चुकली असेल म्हणून पुढच्या गाडीला थांबले, मग शेवटच्या. स्टेशनमास्तरांनी मला चहा आणून दिला, एवढी मी केविलवाणी दिसत असेन. रस्सा आज शेजाऱ्यांना वाटला.

का आला नाहीस ते मला नको सांगूस, मी ते समजून घ्यायच्या मनःस्थितीत नाही. आज संध्याकाळी बाबा विचारतील. काय सांगू, तेवढं कळव. पण तुझं उत्तर संध्याकाळपर्यंत पोचणार नाही, तेव्हा मीच काहीतरी सांगेन.

मित्सुए

२९ सप्टेंबर, शाळेच्या सभागृहातून

दादा,

तुझी तार मिळाली. "पेपरात वाचलं. बाबा आहेत का."

आहेत. माझ्यापासून पाच चटया पलीकडे बसून मोजे वाळवताहेत.

आता जे लिहितेय ते नीट वाच. तुझ्याशी त्याचा संबंध आहे.

शनिवारी संध्याकाळी यंत्रावर बाबांनी विशेष काही नाही असं म्हटलंच नाही. पहिला शब्दच, "पोचला का?" मी म्हटलं, "पोचला. दमलाय, झोपलाय." कुदोसान समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

रविवारी सकाळी मी जीप काढली. कुदोसानांनी फाटक उघडलं, काही विचारलं नाही. बांबूच्या पानांवर पिठासारखी राख होती. रस्त्यात दरडीतून दगड आलेले. उतरायचं, लोटायचं, पुन्हा चढायचं. एक दगड हलेना, तो चाकाच्या बाजूने घासत गेले आणि दरीकडची दोन चाकं कशावर होती ते मी पाहिलं नाही. ओढ्यावरच्या फळ्या जागेवर होत्या, पण खालून वाफ एवढी की समोरचं टोक दिसेना. मी मोठ्याने शिव्या देत गेले. तुला, बाबांना, जंगलखात्याला. त्याने बरं वाटलं.

भूर्जांच्या सपाटीवर गाडी उलटी वळवून ठेवली, किल्ली आतच, आणि पळत चढले.

बाबा दाराशी उभे होते. दाढी केलेली, पांढरा सदरा. तो सदरा ते डोंगर उघडायच्या दिवशीच घालतात. माझ्या मागे वाटेकडे पाहिलं.

"तो कुठाय?"

"फाटकापाशी थांबलाय. वळणाच्या पुढे येणार नाही म्हणतो."

मला वाटलं, ओळखतील. तर ते हसले, आणि केवढे मोकळे हसले म्हणून सांगू. म्हणाले, "हट्टी आहे. आईवर गेलाय." हे तुझ्यासारखंच होतं ना दादा, म्हणून त्यांना ते पटलं. यायचं पण पुरतं यायचं नाही. खोटं बोलताना मला काही सजवावं लागलं नाही.

मी म्हटलं, चला. तर ते आत गेले आणि डोंगर मिटायला लागले.

देवापुढे मीठ ठेवलं, तांदूळ ठेवले, दारू शिंपडली. पाया पडले. जमीन थरथरत होती, सारखी, उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखी. चुलीतले निखारे एकेक करून पाण्यात विझवले. मी म्हणत होते, राहू दे बाबा, तो वाट बघतोय. ते म्हणाले, घर असं टाकून आलो तर त्याला काय तोंड दाखवू? मग छपरावरच्या रजया उतरवल्या. मला म्हणाले, दुसरी बाजू धर. दादा, आम्ही दोघांनी त्या सगळ्या रजयांच्या घड्या घातल्या. टोकाला टोक जुळवून. एकीचं टोक वाकडं आलं तर त्यांनी ती पुन्हा उलगडली. मागे विवरातून आवाज येत होता, कोणीतरी जड कपाट ओढत नेत असल्यासारखा. मी रडत होते आणि घड्या घालत होते. हिवाळ्यात कोणी वाट चुकून आलं तर म्हणून तांदूळ आणि काड्यापेटी फळीवर ठेवली, दाराला नुसती कडी लावली, आणि मग आम्ही निघालो.

उतरताना ते माझ्यापुढे होते. त्यांचे गुडघे दुखतात ना? त्या दिवशी नव्हते दुखत.

गाडीत बसल्यावर त्यांचे ओठ हलायला लागले. आधी वाटलं मंत्र म्हणताहेत. मंत्र नव्हता. एक वाक्य होतं. ते म्हणून पाहत होते, मान हलवून नापसंत करत होते, शब्द इकडचा तिकडे करत होते. त्या वळणावर आल्यावर म्हणाले, थांबव. मी म्हटलं, आज नको. ते दार उघडून उतरलेच. कडेला जाऊन नागाईसानांसाठी वाकले, मग सरळ उभे राहिले आणि ते वाक्य पूर्ण, मोठ्याने म्हटलं, तू समोर असल्यासारखं. तुझ्या नावाने सुरू होतं. त्या पावसातल्या सकाळबद्दल आहे, आणि कड कोणामुळे ढासळली नाही त्याबद्दल. गाडीत बसून माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हे ठीक वाटतं का?" मी म्हटलं, ठीक आहे.

त्याहून जास्त मी लिहिणार नाही. ते वाक्य त्यांनी मला दिलेलं नाही.

फाटकापाशी कुदोसान एकटे उभे होते.

बाबा उतरले. कुदोसानांकडे पाहिलं, खालच्या रस्त्याकडे पाहिलं, फाटकाच्या मागेही जाऊन पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं होतं. खरं काय ते सांगणार होते, देवाशपथ. पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दुसरी काड्यापेटी दिसली. तू आलाच नाहीस म्हटलं असतं तर ते तसेच मागे फिरले असते आणि चूल पेटवली असती. मी म्हटलं, "निघून गेला."

कुदोसान जन्मात खोटं बोलले नसतील. कोंबडीच्या वेळीही त्यांनीच नंतर येऊन कोल्ह्याचं सांगितलं होतं. ते कमरेत वाकले आणि बाबांना म्हणाले, "आत्ताच गेला हो. बराच वेळ थांबला होता बिचारा."

बाबा म्हणाले, "रजयांनी वेळ घेतला."

मग त्यांना धरून गाडीत बसवलं. निगोरीसावाच्या पुलापर्यंत पोचलो नाही तोच मागे आभाळ फुटलं. आवाजाचं काय लिहू, पेपरात वाचलंच असशील. काळा खांब वर गेला, वर जाऊन पसरला आणि भर दिवसा मला दिवे लावावे लागले. दगड मागच्या जंगलात पडताना ऐकू येत होते. बाबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ते पुढे बघत होते, स्टेशनकडच्या रस्त्याला कोणी चालत जाताना दिसतं का ते.

निवारा राहिला नाही. विमानातून पाहिलेल्यांनी सांगितलं, छपराची चाळण झालीये आणि खांब जळालेत. मग तळ्याचं पाणी चिखल होऊन ओढ्याने खाली आलं, फळ्या नेल्या, ते वळणही नेलं. तिथे आता रस्ता नाही, नुसता तुटलेला कडा आहे.

मित्सुए

८ ऑक्टोबर

दादा,

आज डोंगर मिटायचा दिवस. भटजी शाळेच्या अंगणातच विधी करून गेले, कामादाके दिसतो त्या बाजूला तोंड करून. बाबा गेले नाहीत. म्हणाले, माझं झालंय.

तुझं पत्र मिळालं. तू अर्ध्या वाटेवर गाडीतून उतरलास आणि परतीची गाडी पकडलीस, हे वाचलं. फलाटावर किती वेळ बसून होतास तेही वाचलं. बाबांना काय सांगितलं असं तू विचारतोस. मागच्या पत्रात लिहिलंय तेच सांगितलं. त्यानंतर मी काहीच बोलले नाही. आता बाबाच बोलतात.

तू त्यांना ओळखतोस. आयुष्यभर विचारलं तेवढंच उत्तर, तेही अर्धं. आता सभागृहात जो कोणी चटईशी येईल त्याला ते आपणहून सांगतात, "इसाओ आला होता. एवढ्या लांबून, देशाच्या त्या टोकाहून. मीच घड्या घालत बसलो." ऐकणारे म्हणतात, किती गुणी मुलगा. बाबा मान डोलावतात. मग पुढच्याला पुन्हा सांगतात. लोक मला विचारतात, कसा दिसतो गं आता इसाओ? मी सांगते, अंगाने भरलाय, कानाजवळ केस पिकलेत. चुकत असेन तर कळव.

मला राग येतो, हे लपवत नाही. मी पाया पडले, रडले, फळ्यांवरून जीव मुठीत धरून गेले, तरी ते उतरले नाहीत. तुझं नुसतं नाव घेतलं आणि सदरा घालून उतरले. त्यांचा जीव वाचला, म्हणून माझी तक्रार नाही असं मी लोकांना म्हणते. तक्रार आहे.

पण काल दुपारी त्यांनी मला विचारलं, "तो रागावून गेला का गं?" मी म्हटलं, नाही बाबा. त्यांनी विचारलं, "मग थांबला का नाही?" मी उठून सूप आणायला गेले. दादा, माझी खोटं बोलायची ताकद तिथे संपली. खरं सांगितलं तर एवढ्या वर्षांनी तू आलास हे त्यांच्या हातून जाईल. नाही सांगितलं तर घड्या घातल्याचा पश्चात्ताप करत ते मरतील. यातलं एक निवडायला मला सांगू नकोस, मी लग्न करून दिलेली मुलगी आहे.

ते वाक्य ते अजून म्हणतात. भिंतीकडे तोंड करून, झोपायच्या आधी. दोन शब्द बदललेत, पहिल्यापेक्षा बरं झालंय.

वळण वाहून गेलंय, तेव्हा तुझ्या शपथेचीही आता अडचण नाही. दुपारच्या गाडीला मी रोज जीप घेऊन उभी राहीन. अख्ख्या गावाला माहीत आहे की तू आला होतास. फक्त तू यायचा राहिलायस.

मित्सुए